घर गाडीवर चालतं

४ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. तू तुझ्या ताईला दर महिन्याला पत्र पाठवायचीस आणि ती त्यातलं मला वाचून दाखवायची. म्हणजे तुझी पत्रं मी ऐकली आहेत, वाचली नाहीत. तुझं अक्षर इतकं तिरकं आहे हे आता कळलं.

तू सात प्रश्न विचारले आहेस. क्रमाने लिहितो. जेवण वेळेवर होतं. झोप लागते. गुडघा बरा आहे. शेजारी चौकशी करतात. कपाट अजून तसंच आहे, उघडलेलं नाही. फिरायला रोज जातो, पाण्याच्या टाकीपर्यंत. सातवा प्रश्न, एकटं वाटतं का. यावर काय लिहावं हे कळलं नाही.

नवीन म्हणजे, गाडी आली. तुझ्या ताईने आजारी पडण्याआधी नोंदवली होती, ती विजेवरची. ऑक्टोबरात ती गेल्यावर नोंदणी रद्द करायला मी दोनदा फोन हातात घेतला, पण केला नाही. गेल्या महिन्याच्या अखेरीस ते लोक गाडी घेऊन दारात हजर.

इकडे लाइनची मोठी कामं निघाली आहेत. रोज संध्याकाळी चार तास वीज नसते. पण सध्या घर गाडीवर चालतं, त्यामुळे काही अडत नाही. साडेपाच ते साडेनऊ ती कामाला असते. पहिले दोन दिवस मला भीती वाटली. आता सवय झाली. काळजी करू नये.

तुझे,
भाऊजी


९ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार वगैरे नंतर. आधी हे सांगा, घर गाडीवर चालतं म्हणजे काय?

तुम्ही भाडी मारता? या वयात? संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ, ऐन गर्दीच्या वेळेला? पेन्शन बंद झाली का? मला का नाही कळवलं? पत्र वाचून मी तशीच उठले, फोन लावला, तर तुम्ही म्हणालात, "सगळं ठीक आहे," आणि ठेवून दिलात. अकरा सेकंद. मी मोजली. म्हणून पुन्हा पत्र. कागदावर तरी तुमच्याकडून चार ओळी जास्त निघतात.

आमच्या दुकानात पशुखाद्याची पोती घेऊन येणारा ड्रायव्हर नेहमी म्हणायचा, "बाई, सहा माणसांचं घर गाडीवर चालतं." तेच शब्द तुमच्या पत्रात बघितले. आमच्या ताईचा नवरा, उभं आयुष्य वजनमापांचा निरीक्षक म्हणून काढलेलं, ज्याला बघून बाजारातले दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे, तो आता लोकांना स्टेशनवर सोडतो!

आणि मागे बसलेल्याने "आज फार उकडतंय हो" म्हटलं, तर तुम्ही काय म्हणता? "हं"?

पण खरं सांगू? रडू आवरल्यावर थोडं बरंही वाटलं. ताई म्हणायची की तुम्ही स्टीअरिंगला हात लावत नाही. आणि आता तुम्ही चालवता. घराबाहेर पडता. ती असती तर आधी ओरडली असती आणि मग सगळ्यांना सांगत सुटली असती.

माझं सांगते. मी दुकान सोडलं. पंधरा वर्षं पावत्या फाडल्या, बास. मागच्या खोलीत उबवणीची पेटी बसवली आहे. वीस तारखेला बदकाची एकशेचाळीस अंडी ठेवायची. अठ्ठावीस दिवसांनी पिल्लं. तलाव असलेल्या एका शेतकऱ्याने सगळी घेतो म्हणून सांगितलंय, पण एकदा बघून. ही पहिली खेप साधली तर पुढच्या वर्षभराचं काम त्याच्याकडूनच आहे. नाही साधली तर पुन्हा दुकान. मालक गालातल्या गालात हसून म्हणतो, "तुझी खुर्ची कोणाला दिली नाही हं मी." त्या खुर्चीवर पुन्हा बसायचं नाही, भाऊजी. बाकी मला काही नको.

ताबडतोब लिहा.

तुमची,
भिंगरी


१४ फेब्रुवारी

धाकटीस,

मी भाडी मारत नाही. पेन्शन चालू आहे.

चूक माझ्या लिहिण्यात झाली. घर गाडीवर चालतं म्हणजे गाडीतल्या विजेवर चालतं. ही गाडी वीज घेते तशी परतही देते. पोर्चमध्ये एक पेटी बसवली आहे, तिच्यातून जाड वायर गाडीला लावायची. धुण्याच्या मशीनच्या वर भिंतीला एक बॅटरी टांगली आहे. वीज गेली की भिंतीवरची बॅटरी लगेच घर उचलते, दिवा नुसता एकदा पापणी लवल्यासारखा होतो. तिच्यातली वीज खाली आली की गाडी तिला भरत राहते. भर दुपारी वीज असते तेव्हा गाडी भरून घ्यायची.

गाडीत साठ युनिट मावतात. भिंतीवरच्या बॅटरीत दहा. आपल्या घराला दिवसाला सहा पुरतात. मी दोन आठवडे मोजलं आहे. फ्रिज एकटाच दीड युनिट घेतो आणि त्यात सध्या दूध आणि अर्धा कोबी एवढंच असतं.

वायरमन उंच आहे, त्याला आपल्या मीटरच्या खोलीत वाकून काम करावं लागलं. कोणते दिवे आणि कोणते प्लग बॅटरीवर घ्यायचे, हे मी सांगायला लागलो तर म्हणाला, "काका, यादी आहे माझ्याकडे. बाईंनी मागच्या वर्षीच लिहून दिली होती." यादी तिच्याच अक्षरात होती. मला वाटलं होतं, पहिला फ्रिज असेल. पहिला माझ्या वाचायच्या खुर्चीजवळचा दिवा होता. फ्रिज दुसरा.

बाकी गाडी उत्तम आहे. अजिबात आवाज करत नाही. धूळ मात्र फार बसते, रोज पुसावी लागते.

अंड्यांचं वाचून आनंद झाला. पेटीत किती तापमान ठेवतात? तुझा थर्मामीटर तपासून घेतला आहेस का? दोन वेगळ्या थर्मामीटरने बघ. दोघांत अर्ध्या अंशाचा फरक पडला तर तिसरा आण.

तुझे,
भाऊजी


२४ फेब्रुवारी

भाऊजींना,

माझा आणि एकशेचाळीस अंड्यांचा नमस्कार.

हुश्श! पण तुम्ही माझी भलतीच पंचाईत केलीत. माझे भाऊजी टॅक्सी चालवतात म्हणून अर्ध्या गल्लीत सांगून झालं होतं. आता दारोदार फिरून सांगतेय, टॅक्सी नाही हो, घर चालवतात. शेजारचे आजोबा म्हणाले, "घर तर सगळेच चालवतात, त्यात काय?" त्यांना तुमची वायर आणि पेटी समजावता समजावता माझा चहा गार झाला.

तापमान साडेसदतीस. दोन थर्मामीटर लावले, पाव अंशाचा फरक निघाला. तुम्हाला सांगावं की नको, असा विचार केला आणि तिसरा आणला.

आता जरा बसून वाचा. काल कोपऱ्यावरच्या खांबाला नोटीस लागली. उपकेंद्राचं काम आहे, चौदा आणि पंधरा मार्चला दोन्ही दिवस पूर्ण वीज बंद. पूर्ण म्हणजे रात्रंदिवस. माझी अंडी तेव्हा बाविसाव्या दिवसावर असतील. पिल्लं आत तयार होत आलेली. तासभर गार पडली तर सोसतात. दोन दिवस नाही सोसत.

जनरेटर विचारला. गावात भाड्याचे दोनच आहेत, एक दवाखान्याने घेतला, एक बँकेने. अंडी बसने तुमच्याकडे आणावी म्हटलं, तर जाणकार म्हणतात, आता हलवाल तर गेलीच समजा.

मग रात्री तुमचं पत्र पुन्हा वाचलं. साठ युनिट! माझी पेटी दिवसाला पाचसुद्धा खात नाही. आणि तुमचं वीजघर चाकांवर आहे. तुम्ही भाडी मारत नाही हे मान्य, पण चालवता ना? ती गोष्ट तुम्ही नाकारली नाहीत, मी पत्र दोनदा तपासलं. एकशेचाळीस किलोमीटर. सकाळी निघालात तर दुपारी पोचाल. याल?

ताई असती तर तिला विचारलंही नसतं. नुसतं "ये" म्हटलं असतं.

तुमची,
भिंगरी


४ मार्च

धाकटीस,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं.

तीस वर्षं मी दुकानदारांच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले लोहचुंबक शोधून काढले. आणि तुला मी तसंच माप दिलं. गाडी चालवतो असं मी लिहिलं नाही, पण चालवत नाही असंही लिहिलं नाही. बाजारात याला दांडी मारणं म्हणतात. तुला बरं वाटलं असं तू लिहिलं होतंस, ते खोडावंसं वाटलं नाही. हे कारण आहे, सबब नाही.

खरं असं आहे. गाडीच्या मीटरवर अकरा किलोमीटर पडले होते, ते सगळे शोरूमच्या माणसाने चालवलेले. आल्यापासून गाडी पोर्चमधून हलली नव्हती. म्हणून धूळ.

लग्न झालं त्या वर्षी मी गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला लावली. खांब पडला. तुझी ताई खाली उतरली, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही इकडे या." त्यानंतर एकतीस वर्षं तीच चालवत होती. परवाना मी मुदत संपायच्या आत दर वेळी नवा करून घेतला. का, ते मलाही सांगता येणार नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी समोरच्या घरी गेलो. तिथे शाळेची बस चालवणारी बाई राहते. चाळिशीची आहे, आवाज मोठा आहे. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, पंधरा दिवस आहेत ना? मग बोलण्यात एक कशाला घालवता?" तेव्हापासून रोज पहाटे भाजीबाजाराच्या रिकाम्या आवारात शिकतो. तिची बस साडेसातला निघते.

ती म्हणते, "ब्रेक म्हणजे ब्रेक, काका. त्याला विनंती अर्ज नाही करायचा." काल म्हणाली, "माझ्या मागे चाळीस पोरं किंचाळत असतात तरी मी चालवते. तुमच्या गाडीत तर चिटपाखरू नाही. घाबरता कशाला?" मी चष्मा काढून पुसला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "चला, परत एकदा वळवा."

आता मागे घेता येते. हमरस्त्यावर दोनदा गेलो. एका टेम्पोवाल्याने शिवी दिली, ती रास्त होती.

हिशेब असा. जायला बावीस युनिट लागतील. तुझ्या पेटीला दोन दिवसांचे दहा. तुझ्या फ्रिजला आणि दिव्यांना चार. परत यायला बावीस. एकूण अठ्ठावन्न. दोन शिल्लक. तेरा तारखेला रविवार आहे, सकाळी सहाला निघतो.

मी पोचेन अशी खात्री देत नाही. निघेन अशी देतो.

तुझे,
भाऊजी


९ मार्च

भाऊजी,

येऊ नका. हात जोडते.

पत्र वाचून आधी इतकी हसले की आजोबा कुंपणावरून डोकावले. एक महिना मी मनातल्या मनात तुम्हाला गाडी चालवताना बघत होते, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आणि गाडी उभी! तुमच्यावर रागवायला हवं होतं, पण दांडी मारल्याचं स्वतःच लिहून कळवणारा दुकानदार कधी बघितलाय कोणी?

मग हसू थांबलं. पंधरा दिवसांच्या शिकवणीवर एकशेचाळीस किलोमीटर? अंड्यांसाठी? पाच महिन्यांपूर्वी एक माणूस गेलंय माझं. बदकं परत मिळतील. मी जाईन दुकानात, बसेन त्या खुर्चीवर, मालकाचं हसणं ऐकेन. त्याने काय मरत नाही माणूस.

फोनवर हेच सांगितलं तर तुम्ही "हं" म्हणालात. या "हं"चा अर्थ हो की नाही, हे ताईलाच कळायचं. मला कळत नाही. म्हणून लेखी कळवते. येऊ नका, येऊ नका, येऊ नका.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरीस,

काल दुपारी सुखरूप पोचलो. गाडीत नऊ युनिट उरले होते.

तुझं "येऊ नका" हे पत्र दाराच्या फटीतून आत पडलेलं मिळालं. तीन वेळा लिहिलं आहेस. लेखी आज्ञा मोडली, पण ती हातात पडायच्या आधी.

घर ठीक आहे. मी नव्हतो तेव्हा भिंतीवरच्या बॅटरीने फ्रिज सांभाळला. कोबी टाकून दिला.

तुझ्याकडे होतो त्या दिवसांचं काय लिहू, तू समोरच होतीस. इतकंच लिहितो की वीज दोन दिवसांच्या ऐवजी तीन दिवस जाणार हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि तुझ्या गल्लीतली माणसं फोन भरायला येतील हेही मी धरलं नव्हतं. फोनचं काही नाही. पण आजोबांनी इस्त्री आणली. एका दुपारी दीड युनिट गेलं. शर्ट एकच होता, तो मात्र त्यांनी तीनदा केला. मी काही बोललो नाही, कारण तोवर त्यांनी मला बुद्धिबळात दोनदा हरवलं होतं आणि माणूस बोलायला चांगला आहे. त्यांच्यामुळे मला एक दिवस जास्त राहावं लागलं. तुझ्या घरच्या साध्या प्लगवर गाडी भरायला रात्र आणि अर्धा दिवस गेला. त्याबद्दल तक्रार नाही.

मी निघताना तू विचारलंस, येताना रस्त्यात काय काय झालं. तेव्हा मी "काही नाही" म्हणालो. ते बरोबर नव्हतं.

बसवाली बाई मोठ्या चौकापर्यंत माझ्याबरोबर आली. तिथे उतरली, दार लावलं, मग पुन्हा उघडून म्हणाली, "काका, चाळीसच्या खाली जाऊ नका, लोक मागून येऊन धडकतील." आणि परत जायची बस पकडायला गेली. मी बेचाळीसने गेलो. पहिल्या तासात मला सगळ्यांनी मागे टाकलं. एका ट्रॅक्टरनेही. ट्रॅक्टरच्या मागे बसलेल्या बाईने मला हात केला. मला हात सोडता येत नव्हता, म्हणून मी मान हलवली.

घाट लागला तेव्हा मी कडेला थांबलो. परत जावं असं वाटलं. पण वळवायला तिथे जागा नव्हती. म्हणून पुढे गेलो. याला धैर्य म्हणू नये.

अजून एक. एकतीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसलो. तिचा चेहरा मला एकाच बाजूने दिसायचा. लांबच्या रस्त्याला मी बहुतेक वेळा झोपून जायचो आणि जाग आल्यावर ओशाळून म्हणायचो, मला उठवायचं नाही का. ती म्हणायची, असू दे. आता तिच्या जागेवर बसल्यावर कळलं की समोर रस्त्याकडे बघत असलो तरी शेजारची सीट सतत डोळ्यांच्या कोपऱ्यात असते. म्हणजे मी तिला सगळा वेळ दिसत होतो. झोपलेला असतानाही.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. कळल्यावर मी गाडी थांबवली नाही. रस्ता सरळ होता.

पेटीतलं पाणी बघत जा. आता अंडी फिरवायची नाहीत, हे लक्षात असेल. उद्या अठ्ठाविसावा दिवस. लगेच कळव.

तुझे,
भाऊजी


२३ मार्च

भाऊजींना,

माझा आणि एकशेसात पिल्लांचा नमस्कार!

एकशेसात! तुम्ही दिव्यासमोर धरून बघून बावीस अंडी बाजूला काढलीत तेव्हा मला वाईट वाटलं होतं. उरलेल्या एकशेअठरांपैकी फक्त अकरा फुटली नाहीत. जाणकार आले होते, ते म्हणाले, पहिल्या खेपेला इतकी? त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी टरफलं बघितली आणि विचारलं, "हे आकडे कोणी घातले?" मी म्हटलं, आमचे भाऊजी आहेत, त्यांना बिननंबरचं काही हातात धरवत नाही.

तुमच्यामुळे मलाही तीच सवय लागली. ऐका. सत्तेचाळीस नंबर सगळ्यांत आधी फुटला, वीस तारखेला सकाळी, मी दात घासत होते. त्याच्या पाठोपाठ बारा आणि नव्वद. एकशेतीसने रडवलं. टरफलाला भोक पाडून बसला तो बसलाच. दुपार झाली, संध्याकाळ झाली. आजोबा खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "अरे ये बाहेर, लोक खोळंबलेत." एकवीस तारखेला आला. सगळ्यांत दांडगा तोच आहे. पाण्याच्या भांड्यात उभा राहून दुसऱ्यांना पिऊ देत नाही.

शेतकरी काल आला. एकेक उचलून बघितलं, पायांची बोटं बघितली, डोळे बघितले, तुमच्यासारखाच. मग म्हणाला, "पुढची खेप कधी लावता?" मी इतकी गप्प झाले की त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

मग दुकानात गेले. मालकाला म्हटलं, खुर्ची कोणालाही द्या. तो म्हणाला, विचार कर. मी म्हटलं, केला. त्याने खाद्याच्या दोन पोत्यांची पावती फाडली. आता मी गिऱ्हाईक.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेजारच्या सीटचं. आजोबांना वाचून दाखवणार होते, नाही दाखवलं. पेटीच्या खोलीत जाऊन बसले थोडा वेळ. तिथे ऊब असते.

ताई मला लिहायची तेव्हा गाडीतलं नेहमी लिहायची. मी बोलत असते आणि हे ऐकत असतात, कधी झोपेत ऐकतात. रस्ताभर बडबडायची ती, माहीत आहे ना? गाडीत बोलायचं काम चालवणाऱ्याचं, असं तिचं म्हणणं होतं, नाहीतर झोप येते. मग आता भाऊजी, चालवता तुम्ही. गप्प बसून चालवता की काय? तसं असेल तर अर्धीच शिकवणी झाली तुमची.

दुसरी खेप पंधरा एप्रिलला लावतेय. तेव्हा वीज असली तरी या. आजोबा बुद्धिबळ मांडून बसलेत.

तुमची,
भिंगरी


३० मार्च

भिंगरीस,

एकशेसात ही संख्या मी दोनदा वाचली. अभिनंदन. एकशेतीसला वेगळं भांडं दे.

पंधरा एप्रिलला येतो. या वेळी हिशेबात आजोबांचे तीन युनिट धरले आहेत.

मी आज ब्रेड आणायला गाडीने गेलो. दुकान आपल्या फाटकापासून दोनशे पावलांवर आहे. पण तो रस्ता एकदिशा असल्यामुळे गाडीने जायचं तर टाकीला वळसा घालून, शाळेवरून, बाजाराच्या मागून यावं लागतं. तीन किलोमीटर होतात. दुकानदाराने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "लांबून आलात?" मी हो म्हणालो.

परत येताना तुझ्या पत्राची आठवण झाली. काचा वर होत्या. शाळेच्या वळणावर मी सुरुवात केली. आधी पुढे दिसत होतं तेच सांगितलं, की उजवीकडे खोदकाम आहे, की सायकलवाला मध्येच आला. आवाज मला स्वतःलाच चमत्कारिक वाटला. मग ट्रॅक्टरवरच्या बाईचं सांगितलं. मग तुझ्या बदकांचं. यादीत पहिला दिवा माझा का लिहिलास, हेही तुझ्या ताईला विचारलं. बाजाराच्या मागे पोचेपर्यंत मी ऑक्टोबरात आलो होतो. त्याच्या पुढचं काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण पाच महिन्यांचं होतं आणि रस्ता तीनच किलोमीटरचा. पोर्च आलं तेव्हा बरंच राहिलं होतं. म्हणून मी उतरलो नाही. ब्रेड मांडीवर तसाच.

समोरची बसवाली बाई शाळेची मुलं सोडून परत येत होती. गाडी उभी, मी आत, आवाज काही नाही. ती धावत आली आणि काच वाजवून म्हणाली, "काका, बंद पडली का?"

मी काच खाली केली. म्हटलं, नाही. चालू आहे.

तुझे,
भाऊजी